रोगट पानाच्या स्पष्ट छायाचित्रासाठी घरगुती प्रकाशपेटी

पिकावर रोग अथवा कीड दिसताच प्रथम तिची नेमकी ओळख पटली पाहिजे, उपाय त्यानंतरचा. आज मोबाइल फोनवरून छायाचित्र पाठवून कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला घरबसल्या मागविता येतो. परंतु पुष्कळदा पान अर्धे उन्हात व अर्धे सावलीत असते आणि नेमक्या डागावरच चकाकी आलेली असते. अशा चित्रावरून निदान चुकले, तर फवारणीचा खर्च वाया जातो आणि मधल्या दिवसांत रोग पसरतो.

मक्यावरील लष्करी अळीचेच उदाहरण घ्या. ही कीड भारतात प्रथम २०१८ साली कर्नाटकात आढळली व त्याच वर्षी महाराष्ट्रातही आली. डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षरासारखी फिकट खूण व शेपटीकडील भागावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, या तिच्या ओळखीच्या खुणा होत. त्या इतक्या लहान असतात की, अंधुक छायाचित्रात दिसतच नाहीत. ही अडचण घरच्या घरी तयार केलेल्या प्रकाशपेटीने बव्हंशी दूर होते.

साहित्य : सुमारे दीड फूट लांबी, रुंदी व उंचीचे पुठ्ठ्याचे खोके, जुने पांढरे मलमलीचे कापड, चकाकी नसलेला पांढरा ड्रॉइंग कागद, खळ अथवा चिकटपट्टी आणि ९ वॅटचे, पांढऱ्या प्रकाशाचे दोन एलईडी दिवे.

कृती : खोके आडवे ठेवून त्याचे तोंड आपल्याकडे करावे व झडपा कापून टाकाव्यात. डाव्या, उजव्या व वरच्या बाजूस कडेने दोन इंच पुठ्ठा राखून चौकोनी खिडक्या कापाव्यात. त्यांवर मलमलीचा एकेरी पदर ताणून चिकटवावा. आतील उरलेला पुठ्ठा पांढऱ्या कागदाने मढवावा. नंतर खोक्याच्या रुंदीचा ड्रॉइंग कागद मागील भिंतीच्या वरच्या कडेस चिकटवून, घडी न पाडता, बाकदार वळणाने तळावर आणावा. त्यामुळे नमुन्यामागे कोपऱ्याची रेघ दिसत नाही.

दोन्ही बाजूंच्या खिडक्यांबाहेर वीतभर अंतरावर एकेक दिवा ठेवावा. दिव्याचा प्रकाश एका लहान जागेतून येतो, म्हणून सावली गडद पडते व ओलसर पान चमकते. तोच प्रकाश कापडातून गाळून आला, म्हणजे संपूर्ण खिडकीच जणू दिवा बनते आणि सावली सौम्य होते. तारेचे जुने दिवे वापरू नयेत. ते फार तापतात व कागदास आग लागण्याचा धोका असतो. वीज नसल्यास पेटी दिवसा ओसरीवर, उजेडाकडे बाजू करून ठेवावी. दिव्याचा व दिवसाचा प्रकाश एकत्र करू नये. पानाचा खरा रंग बदलून दिसतो.

छायाचित्र घेताना : नमुना ताजा असावा आणि त्यावरील बुरशी पुसली जाऊ देऊ नये. फोन विटांच्या आधाराने स्थिर ठेवावा व त्याचा स्वतःचा दिवा बंद करावा. पडद्यावर नमुन्याच्या जागी बोट टेकवावे, म्हणजे तो भाग रेखीव येतो. पांढऱ्या पार्श्वभूमीमुळे चित्र काळसर येत असल्यास फोनमधील उजेडाची पट्टी थोडी वाढवावी. शेजारी मोजपट्टी ठेवावी, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. पांढरी बुरशी दाखवावयाची असल्यास खाली काळा कागद अंथरावा.

पानाच्या दोन्ही बाजू अवश्य टिपाव्यात. द्राक्षावरील केवड्यात वरून तेलकट पिवळसर डाग, तर खालून पांढरी बुरशी दिसते. भुरीची पांढरी भुकटी बहुधा दोन्ही बाजूंस असते. या दोन रोगांवरील औषधे नेहमीच सारखी नसतात. पेटीतील चित्रांबरोबर शेतातील संपूर्ण झाडाचेही एक चित्र पाठवावे आणि पीक, वाण, लागवडीची तारीख, रोग प्रथम दिसलेला दिवस व मागील फवारणी यांची माहिती लिहावी.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी. मुळांवरील सूत्रकृमी किंवा जमिनीतील अन्नद्रव्यांची उणीव निव्वळ छायाचित्रावरून निश्चित ठरत नाही. त्यासाठी मुळांचे व मातीचे नमुने प्रयोगशाळेत तपासूनच घ्यावे लागतात. छायाचित्र हे तपासणीची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. तथापि ही पायरी भक्कम असली, तर पुढचे पाऊल चुकण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी अशी एक पेटी तयार करून ग्रामपंचायतीत ठेवावी आणि गावातील शेतकरी बंधुभगिनींना तिचा उपयोग प्रत्यक्ष करून दाखवावा.