ज्ञानकोशात आपली नोंद

पोथी ज्यांच्या हाती, इतिहास त्यांचा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही लिहू शकतो. अमरावती-अकोल्याकडची आमची मुले तेथे उत्साहाने लिहितात आणि मजकूर काढला गेला की पाठ फिरवतात. त्यांचा संशय अकारण नाही. पण दर वेळी कारण जातीचेच असते असेही नाही. घरातला पहिला पदवीधर म्हणून मला ठाऊक आहे, की अशा ठिकाणची रीत कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून ती येथे सांगतो.

ज्ञानकोश नवे संशोधन घेत नाही. छापून आलेले, तपासता येणारे तेवढेच घेतो. १९२७ च्या अमरावतीतील अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यावर लिहायचे तर आजोबांची आठवण पुरत नाही. ग्रंथ आणि पृष्ठ द्यावे लागते. दुसरे, विशेषणे टिकत नाहीत. ‘महामानव’ गाळल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. प्रसंग आणि वर्ष अचूक द्यावे. तिसरे, वगळलेला मजकूर सहसा पानाच्या इतिहासात राहतो. कोणी, केव्हा बदलला तेही दिसते. तेव्हा चर्चापानावर पुरावा मांडावा. सरावाला धूळपाटी आहेच.

खरा पेच पुढे आहे. आपल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी छापल्याच गेल्या नाहीत, तर संदर्भ आणायचा कोठून? म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो : त्या आधी टिपून घ्या, पडताळा, नियतकालिकांतून छापा, मग कोशात न्या. माणसे थकत चालली आहेत. हे काम याच सुटीत सुरू व्हावे.