सायलेन्सर काढल्याने लुना पळत नाही
सायकलवरच्या टू-स्ट्रोक इंजिनांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

चढावर लुनाला पायडल मारून हातभार लावावा लागे, हे ज्यांना आठवतं त्यांना पन्नास सीसीची ताकद वेगळी सांगायला नको. पियाज्जिओच्या 'चाओ'वर बेतलेली ही गाडी कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणली. आता साध्या सायकलच्या फ्रेममध्ये बसणारे चिनी इंजिन-किटही मिळतात. गाडी जुनी असो वा नवी, ती 'पळवायचे' गॅरेजमधले सल्ले मात्र तेच आहेत: भोक मोठं करा, ऑइल कमी करा, सायलेन्सर मोकळा करा.

यातले बरेचसे सल्ले 'जास्त म्हणजे चांगलं' या समजुतीवर उभे असतात. पण या इंजिनाला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतले पोर्ट उघडतो आणि झाकतो. त्यामुळे इथे किती हवा येते यापेक्षा ती केव्हा येते, केव्हा जाते, यावर सगळं ठरतं.

गैरसमज : किट ८० सीसीचं आहे.

वस्तुस्थिती : स्वतः मोजून पाहा. या किटमध्ये बोअर सहसा ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३८ मिलिमीटर असतो. गणित केलं की उत्तर येतं ६६ सीसी. ८० हा आकडा विकणाऱ्याच्या सोयीचा. त्यावर विसंबून जेट किंवा पाइप निवडला, तर पहिलं पाऊलच चुकतं.

गैरसमज : टू-टी ऑइल कमी घातलं की इंजिन मोकळं पळतं. जास्त घातलं की मिश्रण 'रिच' होतं.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धवट ऐकलेल्या गोष्टी आहेत. या इंजिनाच्या क्रँककेसमध्ये ऑइल साठवलेलं नसतं. बेअरिंग, पिस्टन, रिंग या सगळ्यांना पेट्रोलबरोबर आलेलं ऑइलच मिळतं. वीसास एक प्रमाण धरलं तर लिटरमागे ५० मिलिलिटर, चाळीसास एक धरलं तर निम्मं, २५. प्लगवर काजळी धरते म्हणून हे प्रमाण मनाने उतरवत गेलं, की एका दुपारी इंजिन जाम होतं आणि बोअरिंगचा खर्च अंगावर येतो.

आता 'रिच'चं पाहू. मिश्रण रिच की लीन, हे हवेच्या तुलनेत पेट्रोल किती यावर ठरतं. ऑइल वाढवलं की त्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा कमी होतो. म्हणजे धूर जास्त दिसला तरी मिश्रण किंचित लीन झालेलं असतं. म्हणून ऑइलचं प्रमाण बदललं की जेटही पुन्हा तपासावा लागतो.

घाट उतरतानाही हे ध्यानात ठेवायला हवं. थ्रॉटल पूर्ण बंद ठेवून गाडी उतारावर सोडली, तर इंजिन जोरात फिरत राहतं आणि पेट्रोल तुटल्यामुळे ऑइलही तुटतं. अधूनमधून थोडा थ्रॉटल द्यावा किंवा क्लच दाबावा.

गैरसमज : मोठा कार्बोरेटर आणि ड्रिल मारलेला जेट म्हणजे जादा ताकद.

वस्तुस्थिती : कार्बोरेटर पेट्रोल ओढतो तो हवेच्या वेगावर. तोंड मोठं केलं की कमी फेऱ्यांना हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि सुरुवातीचा पिकअप जातो. जेटचं भोक तर फारच नाजूक प्रकरण. ०.७० मिलिमीटरचं भोक ०.७५ केलं, तर वाढ डोळ्याला दिसणारही नाही, पण क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं. ड्रिलने ते आत खरबरीतही होतं. योग्य मापाचे दोन-तीन तयार जेट आणून, प्लगचा रंग पाहत बदलणं हाच सरळ मार्ग. विटकरी-तपकिरी रंग बरा. पांढरा पडलेला प्लग म्हणजे इंजिन तापतंय.

गैरसमज : सायलेन्सर काढला की इंजिनाला श्वास घेता येतो.

वस्तुस्थिती : सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज हाच. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असताना एक्झॉस्ट पोर्टही उघडाच असतो. साहजिकच बरंचसं न जळलेलं मिश्रण बाहेर निसटतं. ते रोखायला तिथे झडप नाही, पण दाबाची लाट आहे. जळालेला वायू बाहेर पडताना पाइपमधून एक लाट पुढे जाते. पाइप पसरट होतो तिथून ओढ घेणारी लाट परत येते आणि सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पुढे पाइप निमुळता होतो तिथून दाबाची लाट परत येते आणि निसटलेलं मिश्रण पोर्ट झाकला जाण्याआधी आत ढकलते.

फुगीर पोटाच्या या पाइपाचं शास्त्र १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेनने विकसित केलं. १९६१ मध्ये त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला आणि ही विद्या सुझुकीकडे गेली. पुढच्याच वर्षी ५० सीसीचं पहिलं जागतिक अजिंक्यपद डेग्नरने सुझुकीवरच जिंकलं. लुनाएवढ्याच सीसीचं इंजिन, पण पाइप अचूक जुळवलेला.

जुळवणं म्हणजे काय, ते आकड्यांत पाहू. तापलेल्या वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला आणि एक्झॉस्ट पोर्ट १५० अंश उघडा राहतो असं मानलं, तर मिनिटाला ६,००० फेऱ्यांसाठी लाट परतवणारी लांबी एक मीटरच्या आसपास येते. १०,००० फेऱ्यांसाठी ती साधारण ६० सेंटिमीटरवर उतरते. म्हणजे रेसिंगचा आखूड पाइप सायकलला लावला, तर लाट वेळेआधी परत येते आणि मदतीऐवजी खोडा घालते. नुसती उघडी नळी लावली, तर तिच्या तोंडापासून परतणारी लाट दाब न देता ओढच देते. गाडी पळतेय असं वाटतं ते आवाजामुळे.

गैरसमज : एक्झॉस्ट पोर्ट घासून उंच केला की स्पीड वाढतो.

वस्तुस्थिती : वाढतो, पण किंमत मोजून. पोर्ट उंच केला की तो लवकर उघडतो, जळत्या वायूला पिस्टन ढकलायला कमी अंतर मिळतं आणि ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते. खालची ओढ जाते.

गिअरबॉक्स असलेल्या रेसिंग गाडीला हे परवडतं. किटच्या सायकलला एकच गिअर असतो. पुढे १० दात, मागे ४४ दात आणि इंजिनातली ४.१ची घट धरली, तर २६ इंची चाकावर ५,००० फेऱ्यांना वेग येतो ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास. ९,००० फेऱ्यांना तो ६२ होतो. ताकद ९,०००वर नेऊन ठेवली, तर ती हाती येईपर्यंत सायकलचे ब्रेक हाताबाहेर गेलेले असतात. चढावर ओढ हवी असेल, तर मागे ५० दातांचं स्प्रॉकेट लावा. खेच जवळपास १४ टक्क्यांनी वाढते आणि सिलिंडरला हात लावावा लागत नाही.

पोर्ट रुंद करण्यातही धोका आहे. बोअरच्या दोन-तृतीयांशापलीकडे, म्हणजे इथे ३१ मिलिमीटरच्या पुढे गेलं, की रिंग त्यात फुगून अडकायची भीती असते.

गैरसमज : हेड कापा आणि महागडं पेट्रोल टाका.

वस्तुस्थिती : लेथवर हेड एक मिलिमीटर उतरवलं, तर ४७च्या बोअरमध्ये जास्तीत जास्त १.७ सीसी जागा कमी होते. सहाचं कॉम्प्रेशन जेमतेम पावणेसातवर जातं. फायदा आहे, पण पिस्टन आणि हेड यांमधली फट मोजल्याशिवाय हे काम करू नये. ऑक्टेनचा आकडा पेट्रोलची ताकद सांगत नाही, अवेळी पेटून ठोका न देण्याची क्षमता सांगतो. कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही.

गैरसमज : सायकलच आहे, पासिंग कशाला?

वस्तुस्थिती : मोटार वाहन कायद्यात सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या वाहनांना. ६६ सीसीची सायकल त्यात बसत नाही. नोंदणी झालेल्या गाडीत नियमबाह्य बदल केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंजिनाला हात लावायचाच असेल, तर क्रम असा ठेवा. आधी ब्रेक, कारण वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. मग गॅस्केटमधून हवा चोरली जातेय का ते पाहा. नंतर प्लग, जेट, स्प्रॉकेट. पाइप त्याच्यापुढे. घासायची कानस सगळ्यात शेवटी, कारण जेट परत बदलता येतो, घासलेलं सिलिंडर परत भरता येत नाही.