यंत्र लोखंडाचं, कसोटी पितळेची

अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या एका वाचकाने फोटो पाठवला आहे. नव्या घराच्या गॅरेजात, लाकडी बाकाला बोल्टने आवळलेलं एक ओतीव लोखंडाचं धूड निघालं. इंग्रजी ‘सी’सारखी चौकट, बाजूला लांब दांडा, आणि दांडा खाली ओढला की वर सरकणारा जाड दट्ट्या. बाटल्यांना बुचं बसवायचं यंत्र असावं, असा शेजाऱ्याचा अंदाज. पण बुचासाठी एवढं लोखंड कोण वाया घालवेल? हे काडतुसं पुन्हा भरण्याचं यंत्र आहे.

चौकटीच्या माथ्यावरचं छिद्र बघा. व्यास सात अष्टमांश इंच आणि इंचाला चौदा आटे असतील, तर आज दुकानात मिळणारी डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचासुद्धा त्यात बसेल. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हे माप जवळपास सगळ्यांनी स्वीकारलं. दट्ट्याच्या टोकाला खाच असते. तिच्यात एक छोटी चकती बसते आणि त्या चकतीत काडतुसाच्या पितळी पुंगळीची कड अडकते. खरी गोम या चकतीत आहे. काही जुन्या कंपन्यांनी तिचा आकार मुद्दाम वेगळा ठेवला होता. ती हरवली, तर यंत्र शोभेचं.

वेगळ्या चकतीवाल्यांत मिनेसोटातल्याच वसीका गावची ‘हर्टर्स’ कंपनी येते. मालक जॉर्ज लिओनार्ड हर्टर यांच्या कॅटलॉगात जगातली सर्वोत्तम नाही अशी एकही वस्तू नसायची. याच गृहस्थांनी पत्नीसोबत १९६० मध्ये एक पाककृतींचं पुस्तक काढलं आणि येशूच्या आईला पालक फार आवडायचा, हेही तितक्याच ठामपणे सांगून टाकलं. यंत्रं मात्र दणकट होती! अशीच यंत्रं बनवणाऱ्या ‘आरसीबीएस’ कंपनीची सुरुवात याच्या अगदी उलट. १९४३ मध्ये, युद्धामुळे गोळ्यांची टंचाई असताना, कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलमध्ये फ्रेड हंटिंग्टन वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत काम करत होते. पॉइंट टू-टूच्या वापरलेल्या पुंगळ्या दाबून त्यांतून गोळीचं कवच काढणारी डाय ते बनवत. ‘रॉक चक’ हे त्यांच्याकडच्या डोंगरी मार्मॉटचं नाव, आणि आद्याक्षरांतलं ‘आरसी’ तिथून आलं. आज संग्राहक या नावांवर पैसे उधळतात. मला त्या नावांपेक्षा दांड्याखालचा सांधा जास्त आवडतो.

दांडा आणि दट्ट्या यांच्यामध्ये दोन दुवे असतात, गुडघ्यासारखे. डोक्यावर हंडा घेऊन उकिडव्या बसलेल्या बाईला पहिली वीतभर उठताना सगळा जीव लावावा लागतो. गुडघे सरळ होत आले की तेच ओझं हलकं वाटतं. इथेही तसंच घडतं. दोन सारख्या दुव्यांच्या सांध्यावर आडवा जोर लावला आणि दुवे सरळ रेषेपासून ४५ अंशांवर असले, तर दट्ट्याला लावलेल्या जोराच्या निम्माच मिळतो. १० अंशांवर तो जवळजवळ तिप्पट होतो, ५ वर पावणेसहापट, आणि १ अंशावर अठ्ठावीसपटीहून जास्त. (घर्षण सोडून. खरं यंत्र इतकं उदार नसतं.) दट्ट्याची धाव संपताना, पुंगळी डायमध्ये पुरती शिरत असताना, जोर सगळ्यात जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच तो मिळतो. लंडनच्या कोप नावाच्या यंत्रकाराने १८२० च्या सुमारास अल्बियन या छपाईयंत्रात हाच सांधा वापरला होता. तिथेही शेवटचा दाबच महत्त्वाचा.

वापरता येईल का? ओतकामात तडा किंवा वेल्डिंगचा डाग नसेल आणि दट्ट्या आडवा हलत नसेल, तर यंत्र अजून शंभर वर्षं चालेल. कपाटात मिळालेली बंदुकीची जुनी दारू आणि प्रमाणांची जुनी पुस्तिका मात्र वापरू नका. आजची दारू वेगळी, तिचे आकडेही वेगळे.

डायमधली मधली सळई पुंगळीच्या बुडातला जळका प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बाहेर ढकलते. त्यासाठी बुडाला बरोबर मध्यावर एक छिद्र लागतं. ही रचना वुलविचच्या एडवर्ड बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याची, १८६६ ची. त्याच वर्षी हायरम बर्डन या अमेरिकनाने दुसरी रचना काढली. त्यात ऐरणीसारखा उंचवटा पुंगळीतच असतो आणि छिद्रं सहसा दोन, बाजूला. पुढे झालं असं की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात! अमेरिकेतला काडतुसं भरण्याचा घरगुती छंद बॉक्सरच्या त्या एका छिद्रावर उभा आहे. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली, बुडावर ‘केएफ’ ठसा असलेली थ्री-नॉट-थ्रीची पुंगळी या यंत्रात घातली, तर सळई उंचवट्यावर आपटून वाकेल.

वाचकाने हे धूड आठवण म्हणून सांगलीला धाडण्याचा विचार बोलून दाखवलाय. तो सोडून द्यावा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्रीही दारूगोळ्याच्या व्याख्येतच येते.

खरा मुद्दा पुंगळीच्या पितळेचा आहे. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. बार उडताना पुंगळी फुगून नळीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच थोडी आक्रसते म्हणून बाहेर निघते. डाय तिला पुन्हा दाबते. प्रत्येक फेरीत पितळ कडक होत जातं आणि शेवटी तोंडाशी चिरतं. अमेरिकी लष्करी पुंगळीच्या मानेवर तपकिरी-जांभळी झाक दिसते ना? ती मान तापवून मऊ केल्याची खूण.

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात न वापरलेली काडतुसंही कोठारात पडल्यापडल्या तडकत, तीही पावसाळ्यात, आणि तबेले जवळ असतील तिथे. मोसमात होतं म्हणून नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’. दोष हवेला, ओलीला, कुणाकुणाला देऊन झाला. उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि क्लॅरिस मॅलिन्सन यांच्या शोधनिबंधाने केला. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि घडवताना धातूत कोंडलेला ताण, दोन्ही एकत्र आले की पितळ स्फटिकांच्या सीमांवरून फाटतं. यातलं एक जरी टाळलं तरी भागतं. अडीचशे-तीनशे अंशांवर तापवलं की कोंडलेला ताण बराचसा सुटतो आणि पितळेची ताकदही जात नाही. तबेल्याचा किस्सा धातुशास्त्राच्या वर्गात हमखास सांगितला जातो, मॅलिन्सनबाईंचं नाव मात्र क्वचितच कानावर पडतं. त्या काळी धातूंच्या प्रयोगशाळेत बाई असणंच नवलाचं होतं.

तेव्हा, गॅरेजात यंत्रासोबत पुंगळ्यांचा डबाही सापडला असेल, तर त्या चकचकीत करायला बाटलीतलं अमोनियाचं पॉलिश घेऊ नका. सायट्रिक आम्लाचं पातळ पाणी चालतं, आणि हे आम्ल लिंबातच असतं.