वास्तव्याचे कार्ड तिकडे, मुलगा इकडे

जर्मनीत शिकणारा मुलगा नाताळच्या सुटीत बहिणीच्या लग्नाला यावा आणि परतीचा दिवस जवळ आला असता कळावे, की त्याचे वास्तव्याचे कार्ड तिकडच्या कचेरीतच पडून आहे! कमरीपेठेतील कोणत्याही घरावर हा प्रसंग येऊ शकतो. म्हणून हा खुलासा.

सप्टेंबर २०११ पासून जर्मनीत पासपोर्टावर चिकटविण्याच्या परवान्याऐवजी चिप असलेले कार्ड देतात. अर्ज गावच्या परदेशी-नागरिक कचेरीत होतो, कार्ड बर्लिनच्या छापखान्यात तयार होते, आणि त्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर मूळ व्हिसाची मुदत संपली, तर नुसत्या पासपोर्टावर विमानात कोणी बसू देत नाही. (ब्रिटनने असली कार्डे २०२४ अखेर बंदच केली, तेथे आता संगणकावरील नोंद चालते.)

खरा उपाय निघण्यापूर्वीचाच. कचेरीतून तात्पुरता दाखला मागून घ्यावा व त्यावर कलम ८१, पोटकलम ४ ची नोंद आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. पोटकलम ३ च्या दाखल्यावर तेथे राहता येते, पण बाहेर पडून पुन्हा शिरता येत नाही. फरक एका आकड्याचा!

दाखला नसेल, तर तेथील विश्वासू मित्राच्या नावे सहीचे अधिकारपत्र पाठवून कार्ड घेववावे. काही कचेऱ्या मूळ पासपोर्टही मागतात. तो तर मुलाच्या खिशात, इकडे! यास्तव आधी लेखी विचारावे. तेही न साधल्यास बेंगळुरूच्या जर्मन वकिलातीत पुनःप्रवेशाचा व्हिसा मागावा. चालढकल मात्र नको. सहा महिने बाहेर राहिल्यास सामान्यतः परवानाच रद्द होतो.