बाणाची पिसे आणि दोन नट



धानाची मळणी आटोपली, तणसाचे ढीग लागले, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात, विशेषतः देवरी-सालेकसाकडच्या गावांत, पोरांच्या हातात धनुष्यबाण दिसू लागतात. २०२३ साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी धनुर्विद्येत जगज्जेते झाले. त्यांची धनुष्ये यंत्रासारखी आणि महागडी असतात हे खरे. पण आपल्या देशात लाकडी-बांबूच्या धनुष्याच्याही स्पर्धा होतात. तेव्हा पोरांच्या या नादाला नुसता खेळ म्हणून हसू नका.

देवरीकडच्या एका गावी मी असाच एक मुलगा पाहिला. उभे राहणे चांगले, दोरी ओढणे चांगले, पण एक बाण डावीकडे तर दुसरा जमिनीत. "याचा हात स्थिर नाही," असे सगळे म्हणत, आणि पोरगाही तसेच मानू लागला होता. मी त्याचे बाण हातात घेतले आणि शेपटाकडून पाहिले. दोन पिसे जवळजवळ, तिसरे लांब. दुसऱ्या बाणावर भलताच प्रकार. दोष हाताचा नव्हता, पिसे लावण्याचा होता.

पिसे शोभेसाठी नसतात. बाण वाकडा निघाला की शेपटाकडच्या पिसांवर वारा अडतो आणि शेपूट पुन्हा टोकाच्या मागे ओढले जाते. हा दाब सर्व बाजूंनी सारखा हवा, म्हणून तीन पिसे सारख्या अंतरावर लावतात. दांडा ८ मिलीमीटर जाड असेल तर त्याचा घेर सुमारे २५ मिलीमीटर, म्हणजे दोन पिसांत जेमतेम ८ मिलीमीटर. एवढे अंतर डोळ्याने कोण धरणार? श्री पद्धतीने धान लावताना आपण मार्कर ओढतो, अंदाजाने ओळी धरत नाही. इथेही एक मार्करच हवा, आणि तो तुमच्या अवजारांच्या डब्यात पडलेला आहे.

१७ नंबरचा पाना लागतो ते, १० मिलीमीटर बोल्टाचे दोन जुने नट घ्या. नटाला सहा बाजू असतात. एक सोडून एक बाजू धरली की घेराचे बरोबर तीन भाग होतात. मोजमाप काही नाही. बाजूंना १ ते ६ असे रंगाने आकडे घाला. एक नट दांड्याच्या शेपटावर आणि दुसरा पिसे संपतील त्याच्या थोडा पुढे बसवा. ८ मिलीमीटर दांड्याला कागदाचे दोनेक वेढे दिले की नट घट्ट बसतात. दोन्ही नटांची १ नंबरची बाजू सपाट पाटावर टेकवा. डुगडुगता कामा नये.

बाणाचे टोक मात्र सर्वांत शेवटी बसवा, कारण पुढचा नट टोकाकडूनच काढावा लागतो. मी पहिल्या खेपेला हे विसरलो आणि चांगला दांडा कापून नट सोडवला.

आता पीस धरायला चिमटा. दोन सरळ कामट्यांमध्ये पीस धरा, देठाचा कापलेला भाग किंचित बाहेर ठेवा, दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. पाटावर एक काटकोनी लाकडी ठोकळा ठोका आणि दोन्ही नटांचे कोपरे त्याला टेकवा. दांड्याचा मध्य ठोकळ्यापासून साधारण १ सेंटिमीटरवर येतो, म्हणून मागच्या कामटीला तेवढी जाडी भरेल अशी पट्टी बांधा. चिमटा ठोकळ्याला घासत खाली आणला की पीस बरोबर मधोमध बसते. देठाला फेव्हिकोल लावून अर्धा तास तसेच राहू द्या. मग ३ नंबरची बाजू खाली, मग ५ नंबरची.

पहिले पीस लावताना दोरीची खाच पाटाला समांतर, आडवी हवी. म्हणजे बाण चढवल्यावर हे पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला राहते आणि घासत नाही. खाचेपासून बोटभर जागा सोडा. देठाचे जाड टोक बाणाच्या टोकाकडे ठेवा, नाहीतर वाऱ्याने पीस विस्कटेल. नुसता डिंक पावसात सुटतो. म्हणून पिसांच्या दोन्ही टोकांवर दोरा गुंडाळून वर वार्निश द्या. टसरचा दोरा असेल तर उत्तमच. एका बाणाला एकाच पंखाची पिसे लावा, सगळी उजव्या किंवा सगळी डाव्या. दोन्ही पंखांच्या पिसांचा बाक उलट असतो.

पिसे कोंबड्याची, बदकाची किंवा टर्कीची, पंखाची मोठी घ्या. बांधीत सारसाचे पीस सापडले तर ते तिथेच राहू द्या. वन्यपक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि आपल्या जिल्ह्याला सारसांचा मान आहे. हे बाण शिकारीसाठी नाहीत, हेही पोरांना स्पष्ट सांगा. तणसाचा जाड भारा बांधून त्याच्यावर नेम धरा. मागे रस्ता, गोठा किंवा घर नको, आणि बाण काढायला सगळ्यांनी एकदमच जायचे.

आणखी एक. बाण सोडण्यापूर्वी दांडा हळूच वाकवून पाहा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली तर तो चुलीत घाला. चिरलेला बांबू सुटताना फुटतो आणि त्याची चिपटी थेट हातात घुसते.

त्या मुलाने बारा बाणांची पिसे काढून नटांवर पुन्हा लावली. दहा बाण भाऱ्यावर वीतभर जागेत बसले. उरलेले दोन अजूनही भरकटतात. त्यांची पिसे ठीक आहेत, दांडेच वाकडे आहेत. सध्या तो ते निखाऱ्यावर शेकून सरळ करतो आहे.