गाडीतली स्क्रीन आणि चालवणाऱ्याचं लक्ष

मागच्या महिन्यात आम्ही चौघीजणी रेकॉर्डिंगसाठी भाड्याच्या गाडीनं तालुक्याला निघालो होतो. गाडी नवी कोरी, पुढं ताटाएवढी स्क्रीन. चालवणारा मुलगा गुणी, बेतानं चालवणारा. मागून आमच्यातली एक म्हणाली, "एसी जरा कमी कर रे बाळा." त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं, नकाशा बाजूला सारला, एसीचं चित्र शोधलं, आणि मान वर केली तर समोर म्हैस! करकचून ब्रेक लागला. म्हैस निवांत निघून गेली, आमचे डबे मात्र सांडले. त्याला बोलायला आम्हाला तोंडच नव्हतं. एसी कमी करायला आम्हीच सांगितलं होतं ना!

घरी आल्यावर आम्ही याबद्दल वाचायला घेतलं. हिशेब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढं जाते. दोन सेकंद स्क्रीनकडं पाहिलं की 33 मीटर गेले. तीन एसट्या एकामागं एक उभ्या करा, तेवढं अंतर रस्त्याकडं न बघता. म्हणून तर अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यानं 2013 साली मोटार कंपन्यांना सुचवलं, की स्क्रीनवरच्या कामासाठी चालकाला एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर वळवावी लागू नये. सक्ती नव्हती, सूचना होती.

जुन्या गाडीत एसीला फिरवायचं बटण असायचं. लाईट गेली तरी आपला हात मिठाच्या बरणीवर बरोबर जातो की नाही? तसंच ते. गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही, डोळ्यांनी बघावंच लागतं. स्वीडनमधल्या मोटारींच्या एका मासिकानं 2022 साली मोकळ्या धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटरच्या वेगात हे करून पाहिलं. रेडिओ लावणं, गरम हवा वाढवणं अशी साधीच कामं. सतरा वर्षांच्या जुन्या गाडीत ती 10 सेकंदांत झाली. स्क्रीनवाल्या एका नव्या गाडीत जवळजवळ 45 सेकंद लागले, तोवर गाडी सव्वा किलोमीटरहून पुढं गेली होती.

मग हात न लावता तोंडानं हुकूम द्यावा का? आम्हालाही तेच वाटलं होतं. पण युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2015 साली असं दिसलं, की काही गाड्यांत हुकूम देऊन झाल्यावरही चालकाचं मन पुरतं रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत लागतात. लेकीचा फोन ठेवल्यावरही आपण मनानं तिच्याच घरी असतो आणि इकडं दूध उतू जातं, त्यातलाच हा प्रकार.

सगळंच वाईट आहे असं नाही हं. आपल्याकडं 1 जुलै 2019 पासूनच्या नव्या मोटारींत ताशी 80 च्या वर गेलं की अधूनमधून आणि 120 च्या वर गेलं की सतत आवाज येतो. पट्टा लावला नाही तरी गाडी ओरडते. हे आवाज माणसाला भानावर आणतात. पण आपली माणसं हुशार! पट्टा न लावता नुसती चिमटी खाचेत खुपसून गाडीचं तोंड बंद करतात. अशा चिमट्यांची विक्री थांबवा, असा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला 2023 साली पाच ऑनलाइन कंपन्यांना द्यावा लागला.

आमच्या गटानं आता रीत बदलली आहे. नकाशा निघायच्या आधी, गाडी उभी असतानाच लावायचा. चालवणाऱ्याचा फोन पुढं बसणारीच्या पर्समध्ये. गाणी, एसी, "कुठवर आलात?" म्हणून येणारे फोन, सगळं तिनंच बघायचं. त्या पोराला आधी जरा अवघडल्यासारखं झालं, आता तोच आपणहून फोन काढून देतो. पंचाईत एकच झाली आहे. पूर्वी पुढच्या सीटसाठी आमच्यात भांडणं व्हायची, आता तिथं बसायला कुणी तयार नसतं. पुढं बसलं की झोप काढता येत नाही ना!