गळतीचे माप

लाकडी मच्छीमार नौकेच्या पाण्याखालील अंगाला सुतार जाणूनबुजून जे सर्वांत मोठे भोक पाडतो, ते पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर नेण्यासाठी. फळ्यांची सांध अन् सांध बुजवून नौका कोरडी ठेवणे हीच ज्याची विद्या, त्याच कारागिराला हे एक भोक मात्र ठेवावे लागते, आणि त्यातून मिनिटाला शेकडो फेरे घेणारा धातूचा दांडा अहोरात्र फिरत असतानाही समुद्र आत शिरणार नाही अशी तजवीज करावी लागते. वसईचे पाचूबंदर, नायगाव, खोचिवडे आणि विरारच्या पश्चिमेचे अर्नाळा या बंदरांवर ही तजवीज उघड्यावर पाहता येते ती पावसाळ्यात. कारण १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, आणि एरवी पाण्याखाली दडलेले पंखा, शाफ्ट व सुकाण माणसाच्या हाताशी येतात.

याच किनाऱ्यावरची आगाशी सोळाव्या शतकात जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. परंतु शिडाच्या जहाजांपुढे हा प्रश्नच नव्हता, कारण वाऱ्याचा जोर डोलकाठीवर येतो आणि त्यासाठी बुडाला भोक पाडावे लागत नाही. प्रश्न उभा राहिला तो वाफेच्या इंजिनाने पंखा फिरवायचे ठरल्यावर. १८४३ साली इंग्लंडमध्ये ‘ग्रेट ब्रिटन’ हे पंख्यावर चालणारे मोठे लोखंडी जहाज पाण्यात उतरले आणि पुढच्या दशकात अशी जहाजे वाढत गेली, तसतसे असे दिसून आले की शाफ्ट ज्या पितळी नळकांड्यात फिरतो ते नळकांडे, म्हणजे बुश, फार लवकर झिजते, शाफ्ट खाली बसतो, थरथरू लागतो आणि त्याच्या कडेने पाणी आत येते. जॉन पेन या इंग्रज अभियंत्याने १८५४ साली यावर जो उपाय पेटंट करून घेतला तो आजच्या वाचकाला उलटा वाटेल: त्याने पितळी बुशाच्या आत धातूऐवजी लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि त्यांच्यामधल्या फटींतून समुद्राचे पाणी खेळू दिले. हे लाकूड लिग्नम व्हायटी नावाच्या, वेस्ट इंडीज व मध्य अमेरिकेकडे वाढणाऱ्या झाडाचे असते. ते इतके जड असते की पाण्यात बुडते, आणि त्याच्या अंगी मुरलेली राळ पाण्याच्या संगतीने घसरट होते. ज्या पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी सारा खटाटोप चालला होता, त्यालाच वंगणाच्या कामाला लावण्याची ही युक्ती शंभर वर्षांहून अधिक टिकली. १९५४ साली पाण्यात उतरलेल्या ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीच्या शाफ्टलाही याच लाकडाचा आधार होता.

वसईच्या बोटीतील रचना त्या मानाने साधी असली, तरी तिच्यातील कामांची वाटणी नीट समजून घ्यावी लागते. पंखा पाणी मागे लोटतो आणि त्या बदल्यात पाणी पंख्याला पुढे लोटते. हा रेटा शाफ्टमधून थेट गिअरबॉक्सपर्यंत जातो, तिथले रेट्याचे बेअरिंग तो झेलते, आणि इंजिनाच्या बैठकीतून तो पठाणाला, म्हणजे बोटीच्या कण्याला, मिळतो. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर पडतो त्या स्टर्न ट्यूबवर हा रेटा येत नाही. नळीतील बुशांना शाफ्टचे वजन पेलायचे असते आणि त्याला रेषेत ठेवायचे असते. त्यातही मागच्या बुशाच्या वाट्याला अधिक हाल येतात, कारण पंखा त्याच्या पलीकडे अधांतरी लोंबत असतो, त्याच्या वजनाने शाफ्टचे मागचे टोक खाली दबते आणि बुश तळाशी झिजून गोलाचा लंबगोल होत जातो. म्हणूनच मिस्त्री हत्यार हाती घेण्यापूर्वी पंख्याचे पाते धरून ते वरखाली हलवतो. किती हालते आणि कसा आवाज येतो, यावरून बुश आणखी एक हंगाम काढील की लेथवर नवा करून घ्यावा लागेल, याचा निर्णय त्याने बहुधा तिथेच केलेला असतो. मोजपट्टी नंतर येते आणि क्वचितच त्याला खोटे पाडते.

झीज एवढी का होते, याचे उत्तर बोटीत नसून खाडीत आहे. उल्हास नदीचा गाळ घेऊन येणारी वसईची खाडी आणि उधाणाला चार मीटरहून अधिक चढउतार करणारी भरती-ओहोटी यांमुळे इथले पाणी बहुतेक वेळ गढूळ असते, आणि ओहोटीला तर बोट चिखलातच टेकते. पाण्यावर चालणारा बुश स्वच्छ समुद्रात उत्तम काम देतो, कारण शाफ्टने वेग घेतला की तो पाण्याचा पातळ थर आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या थरावर तरंगतो, धातूचा धातूला स्पर्श होत नाही. पण याच थरात रेतीचा कण सापडला की तो शाफ्ट आणि बुश या दोघांना कापतो. यावर निघालेला एक उपाय म्हणजे लांबट खाचा असलेला रबरी बुश, ज्याची कल्पना १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील एका खाणीच्या पंपावर सुचली: रबर कणाला चिरडत नाही, दबून त्याला खाली जागा देते, कण घरंगळत खाचेत जातो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. दुसरा उपाय जुना, स्वस्त आणि कोळीवाड्यांना अधिक परिचित आहे. पितळेचा किंवा गनमेटलचा बुश ठेवून नळी आतून हातपंपाने ग्रीसने भरून टाकायची, म्हणजे गाळाला आत शिरायला जागाच उरत नाही. यात मेख अशी की ग्रीस नियमितपणे भरले नाही तर मागच्या तोंडातून शिरलेली बारीक रेती त्यातच कालवली जाते, आणि तयार होतो तो लेप कारखान्यात धातू घासण्यासाठी वापरतात त्या लेपाहून फारसा वेगळा नसतो. ग्रीसवर पैसे वाचवणारा नाखवा, म्हणजे बोटमालक, ते पुढे शाफ्टवर घालवतो. शिवाय बाहेर सांडणारे ग्रीस त्याच खाडीत जाते जिथे डोल, म्हणजे मासे धरायचे जाळे, लागते, ही गोष्टही नजरेआड करता येण्यासारखी नाही.

नळीच्या आतल्या तोंडाशी, इंजिनाच्या बाजूला, खरी वेस असते. तिला स्टफिंग बॉक्स म्हणतात: शाफ्टभोवतीची एक वाटी, तिच्यात चौकोनी विणीच्या दोरीची तीन-चार कडी, आणि ती कडी दाबणारा ग्लँड नावाचा गळपट्टा. ही दोरी पूर्वी चरबीत मुरवलेल्या जवसाच्या धाग्याची असे. आता तीत ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन असते. सुटीच्या दिवसांत जुनी दोरी टोकदार आकड्याने पूर्णपणे उकरून काढतात, कारण तळाचे एक कुजके कडे जरी राहिले तरी वरची नवी दोरी नीट बसत नाही. मग शाफ्टएवढ्याच व्यासाच्या नळीवर दोरी गुंडाळून कडी तिरप्या छेदाने कापतात आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही अशी फिरवून बसवतात. नवशिक्याची चूक ठरलेली असते. त्याला गळती थांबवायची असते, म्हणून तो नट आवळत जातो आणि थेंब बंद झाल्यावर समाधान मानतो. परंतु दोरीला आणि शाफ्टला गार ठेवणारे तेच थेंब असतात, ते थांबले की दोरी करपून दगडासारखी कडक होते आणि शाफ्टवर खाच पाडते, आणि त्या खाचेतून पुढे कितीही आवळले तरी पाणी येतच राहते. म्हणून शाफ्ट फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडू द्यायचे असतात. शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा असेल तर आणखी एक धोका असतो: या पोलादाचे गंजापासून रक्षण करणारा पापुद्रा टिकण्यासाठी प्राणवायू लागतो, आणि दोरीखाली कोंडलेल्या शिळ्या पाण्यात तो संपतो, त्यामुळे बाहेर चकचकीत दिसणारा शाफ्ट नेमका झाकलेल्या जागी सुई टोचल्यासारखा खाल्लेला निघतो.

मोठ्या जहाजांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळी वाट धरली. वसईच्याच पालघर जिल्ह्यातील वाढवणच्या ज्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, तिथे उद्या येणाऱ्या कंटेनर जहाजांपैकी बहुतेकांची स्टर्न ट्यूब तेलाने भरलेली असेल आणि बुशाला आतून पांढऱ्या धातूचा, म्हणजे कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचा, थर असेल. पाण्यावर चालणारा लाकडी बुश शाफ्टच्या व्यासाच्या चौपट लांब ठेवावा लागे, तिथे तेलावर दुप्पट लांबी पुरते. दोन्ही टोकांना रबरी ओठांची स्थिर वलये शाफ्टबरोबर फिरणाऱ्या गुळगुळीत बाहीला चिकटून राहतात, आणि तेलाची टाकी जलरेषेच्या वर ठेवून तेलाचा दाब समुद्राच्या दाबापेक्षा किंचित अधिक राखतात, म्हणजे ओठ फाटला तरी आधी तेल बाहेर जावे, पाणी आत येऊ नये. या ओठांचा मोठा वैरी म्हणजे समुद्रात वाहत येणारी जाळ्याची दोरी. ती पंख्यामागे गुंडाळली जाते आणि सुरीसारखी आत सरकते. बाहेर पडणाऱ्या तेलाकडे मात्र फार काळ कानाडोळा झाला. अमेरिकेने डिसेंबर २०१३ पासून आपल्या पाण्यात येणाऱ्या मोठ्या व्यापारी जहाजांना अशा जागी, तांत्रिक अडचण नसेल तर, निसर्गात विघटन होणारे तेलच वापरण्याचे बंधन घातले, आणि तेव्हापासून काही जहाजमालक गाळलेल्या समुद्रपाण्यावर चालणाऱ्या बुशांकडे पुन्हा वळले आहेत, फक्त लाकडाच्या जागी आता कृत्रिम बहुवारिके आली आहेत.

वसईत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात शाफ्ट पुन्हा आत जातो. गिअरबॉक्सच्या आणि शाफ्टच्या तबकड्या, म्हणजे कपलिंगचे दोन अर्धे, समोरासमोर आणून त्यांच्यातील फट चारी बाजूंनी पातळ पत्र्याच्या मापाने तपासतात. व्यासाच्या दर इंचामागे इंचाच्या हजाराव्या भागाहून अधिक फरक राहू नये असा संकेत आहे. पण किनाऱ्यावर ओंडक्यांनी तोललेली लाकडी बोट आणि पाण्यावर तरंगणारी तीच बोट यांचा आकार एक नसतो. फळ्या फुगतात, पठाण किंचित वाकते, आणि जमिनीवर बिनचूक जुळवलेली रेषा पाण्यात चुकते. म्हणून जाणता मिस्त्री कपलिंगचे बोल्ट तात्पुरते लावतो, बोट दोन-चार दिवस तरंगू देतो आणि मग फट पुन्हा मोजून इंजिनाच्या पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारतो. त्यानंतरची चाचणी खाडीच्या तोंडापर्यंतच्या फेरीत होते: तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, इंजिनाचा वेग वाढवत नेतो, आणि खाली बसलेला खलाशी स्टफिंग बॉक्सवर तळवा ठेवून तो कोमटच आहे ना हे पाहतो, चटका बसला तर दोन्ही नट सारखेच थोडे सैल करतो आणि थेंब पुन्हा पडू लागेपर्यंत तिथून उठत नाही.